अंजना, त्यांना सांग

नाथाजी सुभेदार दिल्लीच्या असेंब्लीत निवडून गेले, तेव्हा कोरेगावच्या स्टेशनावर हलगी वाजली होती. शिक्षण म्हणाल तर चौथी, सगळी हयात पलटणीत गेलेली. पण एकोणीसशे सेहेचाळीस साल होतं, लढाई नुकतीच संपली होती, आणि मुंबईच्या पुढाऱ्यांना दिल्लीला पाठवायला एक तरी फौजी माणूस हवा होता. साताऱ्याकडच्या घराघरात शिपाई, मग सुभेदारांसारखा माणूस दुसरा कुठून आणणार?

गाडी हलायच्या आधी शेजारची चंद्राबाई गर्दीतून पुढं आली. तिचा नवरा बर्मात बेपत्ता होता. म्हणाली, "आवं अण्णा, दिल्लीत येवढंच इचारा, आमी कोण हाय? कुंकू लावायचं का पुसायचं? सरकार म्हनतं सात वर्सं थांबा, गाव म्हनतं बारा."

सुभेदारांनी मान हलवली. त्यांच्या मागंच त्यांची बायको साळूबाई उभी होती, आणि साळूबाईच्या मागं सून अंजना. सुभेदारांचा एकुलता एक मुलगा ज्ञानू, त्याच बर्मात, चव्वेचाळीस साली असाच नाहीसा झालेला. लग्न करून एक रजा काढली पोरानं अन् गेला. तेव्हा अंजना पंधरा वर्षांची होती. चंद्राबाईनं विचारलं ते अंजनानं कधीच विचारलं नव्हतं, आणि सुभेदारांना तेच जास्त लागायचं. त्यांच्या भावकीत पाट लावायची, बाईचं दुसरं लग्न करून द्यायची चाल होती. अंजनाच्या बापानं एकदा आडून सुचवलंही होतं. पण पाट लागतो विधवेचा. आणि ज्ञानू गेला असं त्या घरात कोण म्हणणार? साळूबाईपुढं तसं बोलायची कुणाची छाती नव्हती.

दिल्ली म्हणजे एक खोली, एक खाट आणि एक पितळी तांब्या. थंडी अशी की दात वाजायचे. पातळ फुलके काही केल्या पोटाला लागेनात, आणि भाकरीचं नाव काढलं की खानावळवाला हसायचा. असेंब्लीत सुभेदार रोज सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे, सदरा इस्त्रीचा, पाठ ताठ. आजूबाजूला इंग्रजीचा पूर लोटायचा. धान्याचा कंट्रोल, निर्वासित, पगारवाढ, एकेक माणूस उठायचा आणि तासभर बोलायचा. सुभेदार वाट बघायचे. कशाची, तर हुकमाची. पलटणीत वरिष्ठानं नाव पुकारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. इथंही अध्यक्षसाहेब एक ना एक दिवस पुकारतील, "नाथाजी!" आणि आपण उठू. वर्ष गेलं तरी कुणी पुकारलं नाही. आता बोला! माणूस देशाच्या कारभारात बसलाय आणि हजेरीची वाट बघतोय. संध्याकाळी खोलीवर आलं की दिवसभरात आपण "रामराम" सोडून काही बोललो नाही, हे त्यांच्या ध्यानात यायचं. मग ते तांब्याशीच दोन शब्द बोलायचे. हसू नका, एकट्या माणसाला तेवढंही पुरतं.

सुभेदारांच्या ओळखीचे, सांगलीचे हळदीचे व्यापारी तवनाप्पा कामासाठी दिल्लीला आले, तेव्हा ते एक दिवस वर गॅलरीत बसून सगळं बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं सुभेदार, इथं कोण कुणाला बोलवत न्हाई. आमच्या हळदीच्या सौद्यावाणी हाय हे. आपणच उठायचं. आदी चिठ्ठी द्यायची, नाव द्यायचं."

"मग येवढे दिवस मी काय केलं, आप्पा?"

"पहारा केला," तवनाप्पा म्हणाले, आणि त्यांना खोलीवर पोचवून सोबत आणलेल्या चटणीभाकरीचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. भाकरी शिळी होती, दगडासारखी. सुभेदारांनी ती रडत रडत खाल्ली.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्याआधी फौजेच्या खर्चावर चर्चा निघाली, आणि सुभेदारांनी चिठ्ठी दिली. नाव पुकारल्यावर ते उठले, टाचा जुळवल्या आणि अध्यक्षांना खाडकन सलाम ठोकला. सगळी सभा हसली. हसू दे. पलटणीतल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सुरुवात केली. मेलेल्या शिपायाची बायको विधवा, परत आला त्याची सवाष्ण, मग हरवलेल्याची कोण? विशीतल्या पोरी आहेत. त्यांना ना नवरा, ना दुसरं घर. लढाई संपून वर्षं झाली, कैदी सुटून आले, आता कोण यायचं राहिलंय? कायद्याची सात वर्षांची मुदत शिपायापुरती कमी करा आणि या पोरींना मोकळं करा.

समोरच्या बाकावरून एक चष्मेवाले उठले. सन्माननीय सभासदांनी असं घर स्वतः बघितलंय, की ऐकीव बोलतायत?

"माझंच घर आहे," सुभेदार म्हणाले. "माझा मुलगा ज्ञानू बर्मात गेला. तो मेला असं धरा, आणि माझ्या सुनेला सोडा."

पुढं मंत्र्यांनी ते मनावर घेतलं आणि दिवाळीच्या सुमाराला तसा हुकूम निघाला. लढाईत हरवलेल्याच्या आईनं किंवा बापानं मामलेदारापुढं शपथेवर सांगायचं, की आमचा मुलगा हयात नाही असं आम्ही मानतो. एवढं झालं की सून मोकळी. पण ज्या दिवशी ते बोलले, त्या संध्याकाळी खोलीचं दार लावून सुभेदार खाटेवर बसले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या अंगावर आलं. चार वर्षांत त्या घरात कुणी न उच्चारलेला शब्द बापाच्याच तोंडून गेला होता.

गावाला वर्तमानपत्र पोचायला वेळ लागला नाही. मास्तरांनी चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि ते साळूबाईच्या कानावर गेलं. अधिवेशन संपवून सुभेदार घरी आले तेव्हा तिनं हातपाय धुवायला पाणी ठेवलं, पण नजर वर केली नाही. त्या दिवसापासून तिनं नवऱ्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं की सुनेला सांगायची. "अंजना, त्यांना सांग, पाणी तापलंय." "अंजना, त्यांना सांग, जेवायला या." माणूस हातभर अंतरावर बसलेला, आणि निरोप सुनेकडून. अंजना खाली बघून निरोप द्यायची. दिल्लीत भाषा कळत नव्हती म्हणून सुभेदार एकटे होते. इथं तर सगळं कळत होतं.

तालुक्यातली घरं एकामागून एक कोरेगावला जाऊन शपथ घेऊन आली. चंद्राबाईच्या सासऱ्यानंही घेतली, आणि ती सुभेदारांच्या पाया पडून गेली. आता अंजनाच्या बापानं उघडच विचारलं. फलटणकडचा कृष्णात म्हणून एक जण होता, ऊसवाला, बायको वारलेली, माणूस सालस.

सुभेदार कचेरीत गेले. मामलेदार उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली. मग रीतीप्रमाणं विचारलं, "आपला मुलगा हयात नाही, असं आपण मानता?"

भर सभेत सलाम ठोकून बोललेला माणूस, पण तिथं तो देशाला सांगत होता. इथं समोर एकटा ज्ञानू उभा राहिला, खाकी चड्डीतला, शिट्टी वाजवणारा. "पुन्यांदा येतो," म्हणून ते उठले. घरी येऊन सांगितलं, साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. दोन्ही वेळा बरोबरची भाकरी तशीच परत आली होती, आणि फडकं सोडताना साळूबाईनं ती बघितली. साहेब भेटले नाहीत हे खरं नव्हे, ते तिला कळलं.

तिसऱ्या खेपेला सुभेदार पटका बांधत होते. चुलीपुढून आवाज आला, "अंजना, त्यांना सांग, आज मी बी येनार हाय."

बैलगाडीत दोघं पाठीला पाठ लावून बसले. कचेरीत मामलेदारांनी पुन्हा तोच प्रश्न केला. सुभेदारांचे ओठ हलले, शब्द काही फुटेना. तेव्हा दाराशी पदर धरून उभी असलेली साळूबाई पुढं झाली.

"मी त्याची आई हाय," ती म्हणाली. "माजा ज्ञानू गेला. लिवा."

येताना ती पदर तोंडावर घेऊन बसली होती. सुभेदारांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि परत घेतला.

माघ सरता सरता अंजनाचा पाट लागला. निघताना ती सासूच्या गळ्यात पडून खूप रडली. सुभेदारांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्यांना फक्त "सुखी राहा" एवढंच म्हणता आलं. कृष्णातची गाडी वळणाआड गेली, तरी दोघं दारात उभी होती, एकमेकांपासून लांब.

दिवस मावळला. सुभेदार ओसरीवर बसून राहिले. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"अंजना," साळूबाई म्हणाली, "त्यांना सांग..."

मग ती स्वतः उंबऱ्यापर्यंत आली, भिंतीला टेकली.

"जेवायला उठा," ती म्हणाली. "आता मलाच सांगाया पायजे."

सुभेदार उठले आणि आत जाऊन ताटावर बसले.