फटफटीची वादी आणि माझी घोडी

सारंगखेड्याच्या जत्रेचा दिवस होता आणि मी सकाळपासून तापलेली होते. साठ सालच्या आगेमागे असेल... लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. (मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात टाइप करते. कुठे फार शहाणं वाक्य आलं तर ते तिचं समजा.)

माझ्या बापाने लग्नात मला घोडी दिली होती. बदामी रंगाची, नखरेल... माझ्याशिवाय कुणाच्या हातून चंदी खायची नाही. सासरी माझं असं म्हणावं ते तेवढंच होतं.

मग घरात फटफटी आली, मिलिटरीतली जुनी. आता घोडी कशाला, असं पुरुषांनी ओट्यावर बसून ठरवलं. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, आदल्या रात्री उशिराच तिला विकायला जत्रेत घेऊन गेले... मला कळलं ते सकाळी, रिकामा खुंटा बघून.

मी पेटत्या चुलीत पाणी ओतलं. यांना म्हटलं, मला जत्रेला नेल्याशिवाय या घरात भाकरी होणार नाही. हे लगेच तयार झाले... माझ्या प्रेमाने की भाकरीच्या, ते विचारू नका.

आता फटफटीचं ऐका. हँडलची वेगाची मूठ पिळून धरून यांचा हात दुखायचा, म्हणून एका मिस्त्रीकडून यांनी पितळी चाप आणून बसवला होता. मूठ हवी तेवढी पिळायची, सोडून द्यायची, ती तिथंच राहते. गाडी एका चालीने पळते आणि मालक हात मांडीवर ठेवून मोकळे... नात म्हणते, आजी, याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. म्हणोत बापडे.

तो चाप ढिला होता, सारखा घसरायचा. म्हणून यांनी आदल्या रात्री चामड्याची वादी पाण्यात भिजत घातली आणि सकाळी चापावर गच्च गुंडाळली. बैलगाडीच्या जुवाला बांधतो तशी. आमच्याकडे काहीही हललं की वादी... देवाचा पाट हलला तरी वादीच बांधतील.

तळोद्याकडून निघालो तेव्हा सगळं झकास होतं. हे हात सोडून चालवून दाखवत होते, मी पदर तोंडावर ओढून मागे बसले होते आणि मनातल्या मनात जेठांना शिव्या देत होते.

ऊन चढलं आणि मूठ अडकली. हे मागे फिरवतात, ती फिरत नाही... गाडी बोंबलत रस्ता सोडून कापसाच्या शेतात शिरली. बंद कशी केली देव जाणे. माझ्या लुगड्याला बोंडंच बोंडं.

यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "इंजिन गरम व्हई गयं." मग विहिरीवरून बादली आणून दमलेल्या बैलाला घालावी तशी अख्ख्या गाडीला अंघोळ घातली. आणि काय सांगू... जरा वेळाने मूठ फिरायला लागली. हे असे हसले की जणू इंजिन यांनीच घडवलंय.

शहाद्याच्या अलीकडे परत तेच. परत अंघोळ, परत गाडी सुरू. शहाद्याच्या पुढे पुन्हा... आणि तिथे जवळ विहीरही नव्हती.

तिकडे माझी घोडी कुणाच्या तरी हाती जात होती आणि हे पाणी शोधत होते. मी म्हटलं, "मन्हं डोकं बी गरम व्हई गयं, त्यानावर बी वता पानी." रागाने ती मूठच उपटून फेकायला मी हात घातला... तर वादी हाडासारखी कडक.

ओली वादी सैल असते, वाळली की आवळते. म्हणून तर जुवाला बांधतात! इंजिनाचा काही दोष नव्हता. उन्हात वादी वाळायची, मुठीचा गळा धरायची, आणि हे पाणी ओतून ती पुन्हा सैल करायचे. चंचीतला अडकित्ता काढून मी ती कापून टाकली... पितळी चापही ज्वारीत भिरकावला. यांनी पुढे गाडी मूठ हाताने धरून गुपचूप चालवली.

पोचलो तेव्हा घोड्यांच्या बाजारात सौदा चालू होता. जेठांचा आणि व्यापाऱ्याचा हात उपरण्याखाली. असा सौदा बोलून होत नाही, झाकलेल्या हाताची बोटं दाबून भाव सांगतात. बाजूला माझी घोडी, पायांनी माती उकरत...

जेठांसमोर मी कधी तोंड उघडं केलं नव्हतं, आवाज तर सोडाच. तसाच घुंगट ठेवला, पुढे गेले आणि ते उपरणं ओढून काढलं. व्यापाऱ्याच्या मुठीत जेठांची बोटं, सगळ्या बाजाराने बघितली... भाव उघडा पडला की सौदा मोडतो. व्यापारी हात झटकून निघून गेला.

मी म्हटलं, "घोडी मन्ही शे. माले कोनी इचारं?"

जेठ माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे मला ओढून बाजूला करतील. हे कपाळावरचा घाम पुसत पुढे आले, लगाम हातात घेतला आणि म्हणाले, "घोडी तिनी शे, दादा." एवढंच... त्या एका वाक्यासाठी मी यांचे पुढचे पुष्कळ शोध सहन केले.

जेठांनी मान हलवली, उपरणं झटकलं, आणि चार लोकांत मोठ्या मनाने म्हणाले की ठीक आहे, दिली. लोकांनीही त्यांचं कौतुक केलं... त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. दिली म्हणे. माझीच घोडी, मला.