बावीस नंबरचा भाचा

गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी, रियाधमध्ये, मी माझ्या भाच्याची फुटबॉलमधली कारकीर्द संपवली. त्या वेळी तो मैदानात उतरलाही नव्हता.

भाचा म्हणजे ईशान, माझ्या ताईचा मुलगा. तो वाढला रियाधच्या एका कंपाउंडमध्ये. भिंतीच्या आत हिरवळ आणि शेजारी अमेरिकन कुटुंबं. त्या घरांतल्या मुलांबरोबर तो त्यांचा फुटबॉल शिकला. (या खेळात बॉल हातात धरतात, पायाने फार क्वचित मारतात आणि तरी त्याला फुटबॉल म्हणतात. याबद्दल आमच्या घरी तक्रार करून झालेली आहे.) पुढे तो अमेरिकेत काकाकडे शिकायला गेला आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी कॉलेजच्या संघात निवडला गेला. जागा रनिंग बॅकची. म्हणजे बॉल पोटाशी कवटाळायचा आणि समोर उभ्या असलेल्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत शिरायचं.

ही बातमी कळली तेव्हा ताईने एकच प्रश्न विचारला होता. "आणि भिंत काय करते?"

ताई डॉक्टर आहे. इथल्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. गुडघ्यांची आणि खांद्यांची ऑपरेशनं ती रोज बघते. त्यामुळे तिला उत्तर माहीत होतं.

त्यात पहिल्या परीक्षेचे गुण आले. ते पाहून दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, खेळ बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. ईशानने फोनवर एवढंच म्हटलं, "बाबा, शनिवारी कोच मला खेळवणार आहेत. एक मॅच पूर्ण बघा. मग नाही म्हणालात तर मी सोडतो. प्रॉमिस."

दाजी बँकेत आहेत, कर्जविभागात. बाहेरच्या तज्ज्ञाचा अभिप्राय घेतल्याशिवाय ते घरातला गीझरही बदलत नाहीत. इथेही त्यांना तज्ज्ञ हवा होता. तो घरातच सापडला. मी!

"सुधीर, तू पेपरात होतास. खेळाचं पान तूच बघायचास ना?"

"हो, बघायचो."

हे विधान खरं होतं. रियाधला येण्याआधी पुण्याच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं बातम्या तपासल्या. त्यातलं खेळाचं पान माझ्याकडे एका उन्हाळ्यात आलं होतं, कारण ते बघणाऱ्या सहकाऱ्याला कांजिण्या झाल्या होत्या. (दाजींनी कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.)

सामना त्यांच्या दुपारचा, म्हणजे आमच्या संध्याकाळचा. बाहेर मशिदीत मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज आटोपली आणि आम्ही ताईच्या दिवाणखान्यात जमलो. दाजी, ताई, मी, शेजारचे शिंदे आणि आबा. शिंदे आयटीतले. सामना दिसतो ते ॲप त्यांच्याकडे होतं, म्हणून त्यांना मधला सोफा मिळाला. आबा म्हणजे दाजींचे वडील. सांगलीहून व्हिजिट व्हिसावर आलेले आणि एके काळी तालुक्यात नावाजलेले कबड्डीपटू. त्यांनी येताना टॉवेल गळ्यात घेतला होता. का, ते कुणी विचारलं नाही.

"आपलं पोरगं कंचं?" आबांनी विचारलं.

"पांढरी जर्सी, बावीस नंबर," दाजी म्हणाले.

"नाव न्हाई पाठीवर?"

"या कॉलेजात नाव घालत नाहीत, आबा. फक्त नंबर."

डोक्यावर हेल्मेट, तोंडासमोर जाळी, खांद्यावर पॅड, थंडीमुळे लांब बाह्या. मैदानावरचा प्रत्येक जण एकाच दुकानातून आणलेल्या गोदरेजच्या कपाटासारखा दिसत होता. समालोचन चालू होतं, पण ते समजत नव्हतं, शिवाय त्यामुळे आबांचं ऐकू येत नव्हतं. म्हणून दाजींनी आवाज बंद केला. हा निर्णय नंतर महागात पडला.

आबांनी खेळ पाच मिनिटांत समजावून घेतला आणि आम्हाला समजावून दिला.

"ही कबड्डीच हाय. बॉल घिऊन जातोय त्यो चढाईवाला. बाकीचं पकडणार. आपली चढाई झाली की त्येंची चढाई. गडी त्येच!"

सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. गडी तेच, हे आम्हाला इतकं पटलं की ते तपासून बघावं असं कुणालाच वाटलं नाही. तज्ज्ञालाही नाही.

"बावीस! बावीस!" शिंदे ओरडले. "तो बघा, डावीकडे!"

बावीस नंबर होता. ताईने हातातला चिवड्याचा वाडगा खाली ठेवला. बॉल समोरच्या संघाकडे होता. खेळ सुरू झाला आणि बावीस नंबर चक्क मागे मागे पळायला लागला!

"उलटा का पळतोय?" दाजी.

"डाव असंल," आबा म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

पुढच्या वेळी तो पुन्हा उलटा पळाला. मग समोरच्या एका खेळाडूला चिकटला आणि तो जाईल तिथे गेला. बॉल दुसरीकडेच होता. मग आमच्या संघाकडे बॉल आला आणि बावीस नंबर मैदानाबाहेर गेला.

"आता चढाई आहे तर हा बाहेर?" दाजी माझ्याकडे वळले.

"विश्रांती देतात," मी म्हणालो. असं काही असतं का, हे मला माहीत नव्हतं.

"पळायचा गडी पळायच्या टायमाला इस्वाट्याला?" आबांनी टॉवेल गळ्यातून काढला. "आमच्या संघात असता तर घरी लावून दिला असता."

असा अर्धा सामना गेला. बॉल समोरच्यांकडे असला की बावीस नंबर मैदानात आणि उलटा पळतोय. बॉल आमच्याकडे आला की बावीस नंबर गायब. एकदा तर बॉल थेट त्याच्या अंगावर आला. त्याने तो धरायचा सोडून हाताने फटकावून खाली पाडला!

"अरे, धर की!" आम्ही पाचही जण एका आवाजात.

"आणि त्याला शाबासकी देतायत!" दाजी कळवळले. खरंच, संघातले सगळे त्याच्या हेल्मेटवर टपल्या मारत होते.

"धीर देतायत," मी म्हणालो.

मध्यंतर झालं. दाजी उठून माझ्यासमोर येऊन बसले. कर्जाची फाइल समोर असली की ते असेच बसत असणार.

"बोल."

"दाजी, अजून अर्धा सामना..."

"आत्तापर्यंतचं बोल. घरातला म्हणून नको, पेपरवाला म्हणून बोल."

पेपरवाला म्हटलं की माझा आवाज बदलतो. मी सांगितलं की मुलगा चपळ आहे, पण बॉलची त्याला भीती वाटते. तो पुढे जात नाही. दुसऱ्याला चिकटून राहतो. बॉल आला तर झटकून टाकतो. रनिंग बॅक म्हणून मला त्याच्यात काही दिसत नाही.

ताई माझ्याकडे बघत होती. "सुध्या, नक्की? त्याने प्रॉमिस केलंय. तू म्हणालास की तो सोडेल."

"मी जे दिसलं ते सांगितलं, ताई."

दाजींनी फोन उचलला आणि ईशानला आवाजी निरोप पाठवला. "ईशान, मामाने बारकाईने पाहिलं. तू उलटा पळतोस, दुसऱ्याला चिकटतोस आणि बॉल झटकतोस. हे सेमिस्टर संपलं की बंद. खलास." निरोप गेला. खेळाडूंचे फोन सामना संपेपर्यंत कुलपात असतात, त्यामुळे तो ऐकला जायला अवकाश होता. ताई स्वयंपाकघरात गेली आणि काहीच न आणता परत आली.

उत्तरार्धाच्या सुरुवातीला बावीस नंबरने समोरून पळत येणाऱ्या एकाला अंगाने अडवलं. दोघं पडले. एक उठला. बावीस नंबर उठला नाही.

दोन माणसं बॅगा घेऊन धावत आत गेली. ताई उभी राहिली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि डॉक्टरी आवाजात पुटपुटायला लागली, "पाय हलवतोय... दोन्ही हलवतोय... मान हलवू नका त्याची, मान हलवू नका..."

"उद्यापासून बंद," दाजी म्हणाले. "सेमिस्टर बिमिस्टर नाही. उद्यापासून!"

त्या माणसांनी हेल्मेट सावकाश काढलं. आतून खांद्यापर्यंत रुळणारे सोनेरी केस बाहेर आले.

आबा पुढे झुकले. "पोरानं डोस्कं कशात बुडवलं रं?"

"डाय असेल," शिंदे म्हणाले. "हल्ली करतात मुलं."

"इंजिनिअरिंगला पाठवलंय आणि हा डाय करतोय?" दाजी.

"हा ईशान नाही," ताई म्हणाली.

"अगं, नीट बघ..."

"मी नीट बघू? मी? नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला! हा ईशान नाही! देवा, हा ईशान नाहीच!" ती हसत होती. मग हसू थांबलं. "कुणाचं पोर आहे बिचारं," ती म्हणाली. तो मुलगा उठून दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बाहेर जाईपर्यंत ती टीव्हीसमोरून हलली नाही.

शिंद्यांचा अंगठा तोवर फोनवर चालला होता. या खेळात चढाईचे गडी वेगळे आणि पकडीचे गडी वेगळे असतात. कॉलेजच्या सामन्यांत एकाच संघातल्या दोघांना एकच नंबर देता येतो, दोघं एकाच वेळी मैदानात नसले म्हणजे झालं. बावीस नंबर दोन होते. आम्ही पकडीवाला बघत होतो. त्याचं कामच उलटं पळण्याचं, चिकटण्याचं आणि बॉल खाली पाडण्याचं होतं. शिंद्यांनी पुढचंही वाचून दाखवलं. तो मुलगा संघातला सर्वांत भरवशाचा मानला जातो.

"म्हंजे गडी त्येच न्हाईत?" आबा म्हणाले आणि टॉवेलने तोंड पुसलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दाजींच्या फोनकडे बघत होतो.

"दाजी, तो निरोप!"

दाजींनी झडप घालून फोन उचलला. निरोप अजून ऐकलेला नव्हता. त्यांनी त्यावर बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, सगळ्यांसाठी काढायचा की फक्त तुमच्यासाठी? दाजींचा वाचायचा चष्मा टीव्हीजवळ राहिला होता. त्यांनी बटण दाबलं.

फक्त त्यांच्यासाठी.

"गेला!" दाजी आनंदाने म्हणाले.

"तुमच्याकडनं गेला!" मी ओरडलो. "त्याच्याकडे आहे! परत घ्या! खाली येतंय बघा, परत घ्यायचं बटण!"

"कुठे? कुठे? माझा चष्मा..."

बटण काही सेकंद थांबलं आणि गेलं. आता निरोप ईशानच्या फोनमध्ये होता आणि तो काढून घेणं आमच्यापैकी कुणालाही शक्य नव्हतं.

"दुसरा पाठव. तूच बोल. तुझा अभिप्राय होता," दाजी म्हणाले.

"काय बोलू? मी अजून त्याला पाहिलेलंच नाही!"

"आला," ताई म्हणाली.

बॉल आमच्या संघाकडे होता. दुसरा बावीस नंबर मैदानात येत होता. बारीक आणि किंचित वाकून चालणारा. कपाटांच्या रांगेत उभं केलेलं टीपॉय! हा ईशान, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

पहिल्यांदा बॉल मिळाला तेव्हा भिंतीने त्याला जागच्या जागी गिळलं. ढीग उठला, एकेक माणूस बाजूला झाला आणि तळातून तो निघाला.

"उठला," ताई म्हणाली.

दुसऱ्यांदा थोडा पुढे गेला, पडला. "उठला." तिसऱ्यांदा तो भिंतीकडे गेला, एक पाय टाकून थबकला, समोरचे दोघं एका बाजूला कलले आणि तो दुसऱ्या बाजूने निसटला!

"हुलकावणी!" आबा सोफ्यावर उभे राहिले. "हुलकावणी दिली रं माझ्या वाघानं! पळ! रेषा गाठ! रेषा!"

आम्ही सगळेच उभे होतो. शिंद्यांनी माझा हात धरला होता आणि तो आजही त्या जागी दुखतो. ईशान पळत होता. मागून एकाने कंबरेला मिठी मारली, ईशानने त्यालाही बरोबर ओढलं. मग दुसरा आला. शेवटच्या रेषेच्या जरा अलीकडे तिघंही कोसळले.

ढीग सुटायला फार वेळ लागला. मग वाकून चालणारा बारीक मुलगा डाव्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने बॉल पंचाकडे टाकला.

"उठला," दाजी म्हणाले.

सामना आमचा संघ हरला. थोड्या वेळाने ईशानचा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, खांद्यावर बर्फाची पिशवी.

"मामा आहे का तिथे?"

मी शिंद्यांच्या मागून हात वर केला.

"मामा, तुझं ॲनालिसिस मी ट्रान्सलेट करून आमच्या दुसऱ्या ट्वेंटी-टूला ऐकवलं. ही इज सो हॅपी! म्हणाला, माझा गेम इतका कोणालाच कळला नव्हता."

"त्याला कसं आहे आता?" ताईने विचारलं.

"ठीक आहे तो, आई." त्याने खांद्यावरची पिशवी सरकवली. "पण बाबा, मी फर्स्ट हाफमध्ये बेंचवर होतो. तुम्ही पूर्ण मॅच बघणार होतात ना? मी खेळायच्या आधीच 'खलास' म्हणालात."

दाजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मी बोलायला तोंड उघडलं. आबांनी त्यावर टॉवेल ठेवला.

"ते मी म्हणालो," दाजी म्हणाले. "मामा नव्हे. चूक माझी. रागावलास?"

"थोडा."

"खांदा दाखव," ताई म्हणाली. "पिशवी काढ. हात वर कर. अजून वर. दुखतंय?"

"थोडं."

"उद्या त्याचा एक्स-रे काढायचा आणि मला पाठवायचा. पुढच्या परीक्षेत गुण आणायचे. आणि खेळायचं."

"बाबा?"

"आई म्हणाली ना," दाजी म्हणाले. "यल्ला, चल, जेवून घे आता."

एक्स-रे दुसऱ्या दिवशी आला. हाड शाबूत होतं. ईशान संघात आहे.

पुढच्या शनिवारी दाजींनी मला पुन्हा बोलावलं. माझ्याकडे भजी तळायचं काम होतं. त्या स्वयंपाकघरातून टीव्ही दिसत नाही.