अवचितगडावर तोंडावर बोट

माझं तोंड बंद राहत नाही, हे पेणला आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बालवाडीत शिकवण्यात जन्म गेला, त्याचा हा परिणाम, असं मी म्हणते. नवरा म्हणतो, बालवाडी निमित्त, मूळ दुखणं जुनंच. तो नागोठण्याला कंपनीत आहे. मशीनच्या धडधडीत शिफ्ट काढून आलेल्या माणसाला घरी शांतता हवी असते, आणि ती काही त्याला या लग्नात मिळाली नाही.

बालवाडी बंद पडली तेव्हा मी डोंगर जास्तच मनावर घेतला. जायची आधीपासूनच, सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या गटाबरोबर, पण कायम शेपटीला. प्रथमोपचाराची पिशवी सांभाळायची, दमलेल्यांना गोळ्या-बिस्किटं द्यायची, विसरलेल्या बाटल्या उचलायच्या. पुढे चालणारा दुसराच कुणीतरी असायचा, बहुतेक वेळा माझ्या निम्म्या वयाचा आणि वाट चुकली तरी कबूल न करणारा. मला पुढे चालायचं होतं. पण आता गट न्यायचा तर रीतसर परीक्षा देऊन वाटाड्याचं ओळखपत्र घ्यावं लागतं, आणि पहिल्या खेपेला मी नापास झाले. ‘बोलणं भरपूर, गटावर लक्ष कमी,’ असं तोंडावर सांगितलं गेलं. फार झोंबलं. आणखी एकदा नापास झाले असते तर पुन्हा बसायला वर्षभर थांबावं लागणार होतं, आणि पन्नाशीला टेकलेले गुडघे कुणासाठी थांबत नाहीत.

दुसरी परीक्षा होळीच्या थोडी आधी, रोह्याजवळ अवचितगडावर होती. सकाळच्या एसटीत मी सगळं पुटपुटत पाठ करत होते: गडाचा दरवाजा, त्यावर कोरलेला सिंहासारखा शरभ, वरची पाण्याची टाकी. शेजारी बसलेली म्हातारी शेवटी म्हणाली, “कसला उपास हाय गो? मगापास्ना पोथी वाचतेस ती.”

पायथ्याच्या गावात परीक्षक उभेच होते. साठीचे, ताठ, पुण्याकडचे, तोलून बोलणारे. माझ्याबरोबर परीक्षेला बसलेली तीन पोरं माझा गट होणार आणि मी त्यांना वर नेऊन, दरवाज्यापाशी गडाची माहिती सांगून, सुखरूप खाली आणणार, असं ठरलं होतं. माहिती सांगण्याचे गुण वेगळे. तिथे माझा हात कोण धरणार, असं मला वाटत होतं. त्या पोरांतल्या एकानं लग्नाला निघाल्यासारखं अंगभर सेंट मारलं होतं. मी त्याला नळावर नेऊन मान धुवायला लावली.

“ताई, असं कुठं लिहिलंय का?” त्यानं विचारलं.

“वर आग्यामोहोळ आहे,” मी म्हटलं. “त्या माशांना सेंट खपत नाही, आणि त्यांना लिहिता येत नाही.”

पोरं हसली. परीक्षक हसले नाहीत.

चढ दाट झाडीतून होता. पालापाचोळा वाजत होता, मधूनच काटेसावरीची लाल फुलं वाटेवर पडलेली. मी या वेळी दर वळणावर थांबून मागे बघत होते, माणसं मोजत होते, बोलणं आवरून धरत होते. झाडी संपून डोंगराच्या सोंडेवर आलो तेव्हा खाली कुंडलिका दिसली, पलीकडे धाटावच्या कंपन्यांची धुराडी, आणि समोर, हाकेच्या अंतरावर, दरवाज्याकडे जाणारी वाट. परीक्षकांनी मला काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

तेव्हा तो आवाज आला. आधी वाटलं, धाटावचाच असेल. पण तो खालून येत नव्हता. पिठाच्या गिरणीच्या दारात उभं राहिलं की पायांखालची फरशी थरथरते, तसं छातीत काहीतरी थरथरायला लागलं. मी वर पाहिलं. दरीच्या बाजूनं एक काळपट ढग आमच्याकडे सरकत होता, आणि तो ढग वाऱ्याच्या उलट दिशेनं येत होता.

मोहोळ उठून जागा बदलत होतं. असं जाताना त्या माशा सहसा कुणाच्या वाटेला जात नाहीत, पण एखादा ओरडला, हात झाडले, पळाला, तर मग देवच राखणार. हे मी शिकले होते. पण त्या क्षणी शिकलेलं काही आठवलं नाही. मी वळले, ओठांवर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं जमीन दाखवली. हाताची घडी तोंडावर बोट, बालवाडीत रोज करायचे तसंच. ती तिन्ही पोरं आडवी झाली. परीक्षक उभेच होते. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना खाली ओढलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघून पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. तो ताठ माणूस मुकाट्यानं जमिनीवर झोपला.

मग माशा आमच्यावरून गेल्या. उन्हाचा रंग बदलला. मेणाचा आणि मधाचा एक उग्र वास खाली उतरला, आणि पाठीवर, हातांवर माशांच्या विष्ठेचे बारीक पिवळे थेंब पडले. मी एक गाल मातीला लावून तिरकी वर बघत होते. हजारो की लाखो, कुणास ठाऊक. प्रत्येक माशी वेडीवाकडी उडत होती आणि सगळ्या मिळून एका रेषेत सरळ चालल्या होत्या. भीती वाटलीच, पाचावर धारण बसली होती. पण भीतीच्याही वर दुसरं काहीतरी होतं, आणि त्यानं माझे डोळे भरून आले. एवढा मोठा जीव आमच्यावरून जात होता आणि त्याला आमची काही म्हणजे काही पडलेली नव्हती. सगळ्यात पुढे कोण आहे, हे मी शोधत होते. मला दिसलं नाही.

आवाज विरला तरी कुणी उठेना. मग मी हळूच मान वर केली. माशा लांब गेल्या नव्हत्या. दरवाज्याच्या वाटेवर एक काटेसावर होती, तिच्या एका फांदीला त्या लोंबायला लागल्या होत्या आणि ती फांदी डोळ्यांदेखत काळी आणि जाड होत होती.

“परत फिरायचं,” मी कुजबुजले.

“तुमचं माहितीकथन दरवाज्यापाशी आहे,” परीक्षकही कुजबुजले. “ते झालं नाही, तर त्याचे गुण मला देता येणार नाहीत.”

“आज नाय,” मी म्हटलं. चारचौघांत मी जपून बोलते, पण त्या वेळी घरचीच भाषा तोंडात आली.

आम्ही एकामागून एक, पाय न वाजवता उतरलो. मी पुढे होते. झाडीत शिरल्यावरही मी दर वळणावर थांबून माणसं मोजली. गावात नळावर सगळ्यांनी तोंडं धुतली, परीक्षकांनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला, आणि मी एसटीत बसले.

घरी आले तेव्हा नवरा चहा करत होता. “काय गो, पास का नापास?”

विचारायचंच राहिलं होतं. इतके महिने ज्याच्यासाठी झोप उडाली, ते मी त्या माणसाला विचारलंच नव्हतं. तसं सांगितल्यावर नवरा हसेल असं वाटलं. तो हसला नाही. माझ्या पाठीवरचे पिवळे डाग बघत राहिला आणि म्हणाला, “बस जरा. च्या घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांचा फोन आला.

“ताई, काल एक गोष्ट सांगायची राहून गेली,” ते म्हणाले. “माहितीकथनाचे गुण गेलेच, पण गट सांभाळण्याच्या गुणांवर तुम्ही उत्तीर्ण आहात.”

मी आभार मानले. ते फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही.

“एक विचारू? तो आवाज तुमच्या कानांतून गेला का?”

“नाय,” मी म्हटलं.

“माझ्याही नाही.”

फोन कानाला धरून आम्ही दोघं बराच वेळ तसेच राहिलो.