गुळाने तोललेली गिरणीवाली

सकाळी गिरणीचा पट्टा चढवण्याआधी ती दारात उभी राहायची. एक डोळा हाताने झाकायची आणि समोरच्या माझ्या दुकानाची पाटी वाचायची. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा वाचायची. आष्टीच्या बाजारात दोर-सुतळी विकण्यात माझी हयात गेली, पण इतक्या निष्ठेने माझी पाटी कोणी वाचली न्हाई. मला वाटलं टिंगल करती. विचारलं तर म्हणाली, "बघून घ्यावं, काका."

हे तिचं सदाचं बोलणं. पीठ असो, चाळणी असो, माणूस असो, बघून घ्यावं.

लहानपणी तिला रक्ताचा कॅन्सर झाल्ता. डोक्याला लाईट, म्हणजे रेडिएशन, दिली, सुया दिल्या, पोर वाचली. आईने नवसाप्रमाणे देवीच्या देवळात तिला गुळाने तोललं आणि तो गूळ गावात वाटला. मीही खाल्लाय. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. नवस फिटला की त्या दुखण्याचं नावसुद्धा घरात काढायचं नसतं.

ही मात्र पस्तिशीत आली तरी दर वर्षी दवाखान्यात जायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, ज्या लाईटीनं वाचलीस तिच्यानंच पुढं कितीतरी वर्षांनी डोक्यात गाठ होऊ शकती, नजरेवर लक्ष ठेव. आई म्हणायची, पोरगी देवीवर शक घेती. माझंही मत आईसारखंच होतं आणि मी ते चारचौघांत बोलून दाखवलं. माझी ज्वारी ओतता ओतता ती म्हणाली, "पेरलेलं सगळंच उगवत न्हाई, काका. पण रानात चक्कर तर मारावी लागती ना?"

यंदा रोज सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. आई म्हणाली पित्त आहे. माझी बायकोही म्हणाली पित्तच. पोरीने गिरणी बंद केली आणि कपड्यांची पिशवी आईपुढे ठेवली. आई जागची हलेना. देवी काय म्हणल, एवढंच तिचं पालुपद.

"देवीनं दिलेलं सांभाळायचं कोणी? ऊठ, आई."

दोघी संभाजीनगरच्या बसमध्ये बसल्या.

गाठच निघाली. साधी आहे, वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. आईने फोनवर सांगितलं, पोरगी बोलती, जेवती, पण उजवा हात अजून उचलत न्हाई. गिरणीचं काय ते पुढं बघू.

गावात दुसरी गिरणी आहे, बिलकुल जवळ. बायको ज्वारीचा डबा भरून माझ्यापुढे ठेवती. मी नेत न्हाई. आमच्या घरात सध्या भातच शिजतो.