शेजारच्या खोलीतला किल्लीवाला

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच माणूस आहे. शाळेची इमारत, मागची बाजू. संध्याकाळचा उजेड विझत आलाय. बंद वर्गांच्या रांगेत दोनच दारं उघडी, दोन्हींतून दिव्याचा पट्टा व्हरांड्यात पडलेला. मधल्या अंधारात आपला किल्लीवाला, धुतलेला शर्ट घालून, चपला काढाव्यात की नाही या विवंचनेत उभा.

दारू सोडवणाऱ्या लोकांची बैठक कुठे भरते, हे त्यानं कुणाला विचारलं असेल? औषधाच्या दुकानात जीभ रेटली नाही. शेजाऱ्याला विचारायचं तर त्याच्या बायकोच्या कपाळावरची आठी आधी दिसायची. ज्याच्यापुढे लाजायचं काही उरलंच नव्हतं असा एकच माणूस होता. दारूच्या दुकानाचा मालक.

"शाळेच्या मागं, गुरुवारी," मालक बाटल्या पुसत म्हणाला होता. "मला नाही ठाऊक तर कुणाला? चांगली चांगली गिऱ्हाइकं खाल्ली त्यांनी माझी. आता तूही चाललास?"

"बायको गेली लेकीकडं. परत आणायचीय."

मालकानं फडकं खांद्यावर टाकलं. "जा मग. आणि इथं परत दिसलास तर उधार देणार नाही."

तर आता ही दोन दारं. डावीकडच्या खोलीत हशा पिकला होता, कुणीतरी कुणाची तरी भरपूर खेचत होतं. उजवीकडं सगळं चिडीचूप. किल्लीवाल्यानं विचार केला: ज्यांची दारू सुटली ते हसतील कशाला? आणि तो उजवीकडं शिरला.

गोल मांडलेल्या खुर्च्या. बायकाच जास्त, दोन म्हातारे, कोपऱ्यात एक कॉलेजातली मुलगी. कुणी काही विचारलं नाही. एका आजींनी हातात चहाचा कप दिला. एक नर्सबाई बोलत होत्या, खाली बघून.

"मी ह्यांच्या किल्लीचा आवाज ऐकायचे. पहिल्या झटक्यात भोकात गेली तर पानं घ्यायचे. पत्र्यावर खरवडायला लागली की पोरांना आधी झोपायला धाडायचे. आता ते वारलेत, तरी शेजाऱ्याच्या दाराशी खुडबुड झाली की मी उठून बसते."

किल्लीवाल्यानं कप खुर्चीखाली ठेवला. आयुष्यभर त्यानं लोकांची कुलपं उघडली होती. भोकाभोवतीचा पत्रा ओरबाडलेला दिसला की तो ओळखायचा, या घरात पिणारा आहे. गिऱ्हाइकापुढे बोलायचा नाही, पण मनातल्या मनात त्या घरच्या बाईची कीव करायचा. स्वतःच्या दाराकडं मात्र त्यानं त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्या घरात कोण पितं, दादा?" आजींनी हळूच विचारलं.

"मीच."

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. राग नव्हता कुणाच्या डोळ्यांत, तेच त्याला सोसेना.

"मग तुमची खोली शेजारची," आजी म्हणाल्या. "ही आमची, पिणाऱ्यांच्या घरच्यांची. पण आता आलाच आहात, तर चहा संपवून जा."

घरी गेल्यावर त्यानं दाराशी वाकून बॅटरी मारली. पितळी पत्रा कुदळीनं खणल्यासारखा झाला होता. नवा बसवणं त्याच्या डाव्या हातचा मळ. त्यानं बसवला नाही.

पुढच्या गुरुवारी तो डाव्या दारातून आत गेला. पहिले कित्येक महिने त्याला तिथलं हसू कळलं नाही. मध्ये एकदा घसरला, तोंड लपवून बसला, तेव्हा तिथलाच एक निवृत्त ड्रायव्हर त्याच्या किल्ल्यांच्या दुकानात येऊन म्हणाला, "रुसलेल्या जावयासारखा काय बसलायस? ऊठ, चल." तो उठला. नंतर पुन्हा घसरला नाही. वर्ष उलटलं, हाताचं कापणं थांबलं, आणि एका दुपारी तो लेकीच्या घरी गेला.

लेक कामावर होती. बायकोनं दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसली. वाटेत त्यानं सगळं भाषण घोकून ठेवलं होतं, अगदी कुठं थांबायचं तेसुद्धा. ती समोर आली आणि एकही वाक्य आठवेना.

"लेकीनं सांगितलं मला," तीच म्हणाली. "फार बरं केलंत. मनापासून सांगते."

"मग चल ना घरी."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "राग नाही हो माझा. राग असता तर भांडायला तरी आले असते. पण तिथं माझे कान झोपत नाहीत. तुम्ही प्यायले नसलात तरी मी जिन्याकडं कान लावून बसणार. इथं पाठ टेकली की डोळा लागतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

किल्लीवाल्यानं रिकामा पेला जमिनीवर ठेवला, आवाज होणार नाही असा. तिच्या चेहऱ्यावर खरंच तकाकी आली होती. ती तकाकी त्याच्या घरात कधी दिसली नव्हती. मनधरणी करायला तोंड उघडलं त्यानं, पण तिचे डोळे दुपारच्या झोपेनं जड झालेले दिसले. त्याच्यासाठी ती ते ताणून उघडे ठेवत होती.

"पड जरा," तो म्हणाला. "लेक येईपर्यंत मी बसतो इथं. आवाज नाही करत."