तुझी पोरगी माझ्याकडे बाटली...

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगताना लाजत नाही. वडील कापडाच्या गिरणीत साचेखात्यात, मागावर होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले. आई घरात डबे करायची. त्यांच्या मागचे सगळे मालवणाकडचे, अंगठा उठवणारे. त्यामुळे भिंतीवर पदवीचं सर्टिफिकेट लावलंय ते मी फ्रेमवाल्याशी भांडून, चांगल्या लाकडात लावलंय.

पण ही पदवी एकदा एका बाटलीवर अडकली होती. पाण्याच्या.

बारावीला मी इंग्रजीत नापास झाले. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजीत एकोणतीस. ऑक्टोबरला परत बसायचं, आणि नाही सुटले तर परळच्या एका दुकानात काउंटरवर उभं राहायचं, असं घरात ठरलं होतं. तसं कुणी बोललं नव्हतं, पण बाबा त्या दुकानवाल्याशी बोलून आले होते. म्हणजे ठरलंच.

लालबागच्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत एक आँटी राहायची. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलीच मूळची ख्रिश्चन, एकटी. फोर्टच्या एका ऑफिसात बत्तीस वर्षं स्टेनो होती आणि रिटायर झाली होती. मराठी आमच्यापेक्षा जुनी बोलायची. "तू कुठली गो आँटी?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "इथलीच. आम्ही इथं भात लावत होतो तेव्हा तुमची बोट भाऊच्या धक्क्याला लागायची होती."

आईने तिला विचारलं. ती म्हणाली, "पाठव. शनिवार सोडून रोज, चार ते सहा. पैशाचं नाव काढलंस तर नको पाठवू."

तिची शिकवण्याची पद्धत ऑफिसची होती. पुस्तक उघडायचीच नाही. खालचं गटार तुंबलंय ना? वॉर्ड ऑफिसला इंग्रजीत अर्ज लिही. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं पेन्शन अडकलंय? त्यांच्या वतीने लिही. मी लिहायचे, 'He did not came', आणि ती लाल पेनाने नुसती एक रेघ मारायची. रेघ का मारली ते मी शोधायचं. सापडलं की पुन्हा सगळं पान लिहायचं, कारण अर्ज खरोखर जायचा असायचा. "चुकलेलं इंग्लिश घेऊन आजोबांचं पेन्शन कसं येईल?" गटार साफ झालं, हेही सांगून ठेवते. तिसऱ्या अर्जाला.

शनिवारी ती शिकवायची नाही, कारण शनिवारी ती नखं कापायची. स्वतःची नव्हे, चाळीतल्या म्हाताऱ्यांची. ज्यांना वाकता येत नाही, ज्यांना सून 'शी' म्हणते, जे अंथरुणाला खिळलेत त्यांची. प्लास्टिकचा टब, गरम पाणी, टॉवेल, नेलकटर, आणि जाड नखांसाठी एक छोटी पक्कड. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवायचा, मग आपल्या मांडीवर घ्यायचा. पेन्शनवाले आजोबा दर वेळी तोच विनोद करायचे, "आँटी, नखं ने, बोटं ठेव." ती म्हणायची, "बोटांचं बघू, आधी वास जाऊ दे."

मी दोन शनिवार तिचा टब धरायला गेले, ते खरं सांगायचं तर बघायलाच. मला कळत नव्हतं. दुसऱ्याच्या पायाचं नख! आमच्याकडे पाया पडतात, पाय धरून नखं कापत नाहीत. आणि मी मनात एक वाट बघत होते. नाक्यावर मी ऐकलं होतं, 'ही लोकं आधी गोड बोलतात, मग पुस्तक काढतात.' म्हणून मी दोन आठवडे तिच्या पुस्तकाची वाट बघितली. खोलीत कोपऱ्यात क्रूस होता, समोर मेणबत्ती, खिळ्याला जपमाळ. संध्याकाळी ती प्रार्थना करायची, दार उघडं ठेवून. पण पुस्तक निघेना.

शेवटी मीच विचारलं. "आँटी, तुम्ही तुमच्या देवाचं काही सांगत कसं नाही?"

"कुणाला?"

"आम्हाला. नखं कापताना वगैरे."

"नखं कापताना बोललं की हात हलतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू विचारलंस तर सांगेन. लपवायला काय, दार उघडंच असतं. पण विचारल्याशिवाय नाही."

"मग माझ्यासाठी प्रार्थना करता?"

"करते ना. तू पास व्हावीस म्हणून."

"आणि मी ख्रिश्चन व्हावं म्हणून?"

ती हसली. "ते देवाचं खातं. दुसऱ्या खात्यात नाक खुपसलं असतं तर बत्तीस वर्षं नोकरी टिकली असती का?"

मला ते उत्तर पुरलं नाही, पण आवडलं.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मी रोज जाताना घरून पाण्याची बाटली न्यायचे, कारण आँटीचं माठातलं पाणी मला मचूळ लागायचं. हिरवी बाटली, शाळेपासूनची. एका संध्याकाळी ती तिच्याकडे राहिली. बाबा ड्युटीवरून येऊन नुकते बसले होते, टीव्ही चालू, गॅसवर कुकर. आँटी गॅलरीतून आमच्या दारापाशी आली आणि आईला हाक मारून म्हणाली,

"अगो, तुझी पोरगी माझ्याकडे बाटली..."

आणि कुकरची शिट्टी झाली. लांबलचक. त्या शिट्टीत 'विसरली' गेलं.

बाबांनी फक्त आधीचं ऐकलं. तुझी पोरगी माझ्याकडे बाटली. आमच्या भाषेत 'बाटली' म्हणजे काय होतं ते सांगायची गरज नाही. धर्म गेला, घराणं गेलं, सगळं गेलं. मराठीत पाण्याचं भांडं आणि एवढी मोठी गोष्ट एकाच शब्दात का ठेवली ते मला अजून कळलेलं नाही. पण बाबांच्या कानात नाक्यावरच्या गप्पा आधीच जाऊन बसल्या होत्या. शब्द आला आणि बरोबर जागेवर पडला.

बाबा उठले ते तसेच गॅलरीत. "कोण बाटली? कुणाची पोरगी बाटली? बत्तीस वर्षं सायबाच्या ऑफिसात काढलीस म्हणून आमच्या पोरींवर हात टाकतेस?" अजून बरंच. मी ते इथं लिहिणार नाही, ते माझे वडील होते. अख्खा मजला बाहेर आला. पेन्शनवाल्या आजोबांनी खालून विचारलं, "काय झाला? कोण बाटला?" आणि कुणीतरी वरून सांगितलंसुद्धा, "तिसऱ्या मजल्यावरची!"

आँटी उभी होती. हातात काही नव्हतं, बाटली घेऊन जा एवढंच सांगायला ती आली होती. दोनदा तिने तोंड उघडलं, बाबांनी दोनदा बोलू दिलं नाही. मग ती परत गेली.

दहा मिनिटांनी आमच्या उंबऱ्याबाहेर हिरवी बाटली ठेवलेली दिसली. धुतलेली, झाकण नीट लावलेलं. आईने उचलली आणि बाबांच्या समोर टेबलावर ठेवली.

बाबांना कळलं. मी बघत होते, त्यांना कळलं. पण पन्नास माणसांसमोर बोलून बसलेला माणूस. ते म्हणाले, "उद्यापासून जायचा नाय." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी बाबांची दुपारची ड्युटी होती. ते जिना उतरले आणि मी वही घेऊन टोकाच्या खोलीत. मला वाटलं, आँटी खूश होईल. ती दारातच उभी राहिली.

"बाबांनी पाठवलं?"

"नाही. पण ते आता दहा वाजेपर्यंत येत नाहीत."

"मग नाही."

"नाही म्हणजे?"

"बापाच्या पाठीमागे नाही शिकवणार, बाय."

मला इतका राग आला. तीन आठवडे! मी म्हटलं, "चूक त्यांची आहे. तुम्हाला माहितेय. मग शिक्षा मला का? तुमचा देव असं सांगतो का?" ते मी टोचायलाच बोलले होते.

"माझा देव काय सांगतो ते मला पण पूर्ण कळत नाही," ती म्हणाली. "पण चोरून शिकवलं तर नाक्यावरचे बोलतात ते खरं ठरेल. आणि तू माझ्याकडून इंग्लिशच्या आधी खोटं बोलायला शिकशील. मी विचारते त्यांना."

"ते नाही म्हणतील."

"म्हणतील कदाचित."

मी घरी येऊन रडले. आईला म्हटलं, असली कसली चांगुलपणाची माणसं, ज्यांच्या चांगुलपणाने आपण नापास होतो? आई पोळी लाटत म्हणाली, "विचारणार म्हणाली ना? मग विचारेल."

ती शनिवारी आली. टब, टॉवेल, नेलकटर, पक्कड, सगळं घेऊन. बाबा कॉटवर बसले होते. बाबांच्या उजव्या अंगठ्याचं नख महिनाभर आत घुसलं होतं. ते चपलेचा पुढचा भाग कापून ड्युटीला जायचे, डॉक्टरचं नाव काढलं की ओरडायचे. आम्हाला घरात सवय झाली होती. आँटीने ती चप्पल दाराबाहेर बघितली असणार.

ती उंबऱ्यावरच थांबली. "भाऊ, दोन कामं आहेत. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आधीच सांगते. पहिलं, तुमच्या पोरीला तीन आठवडे शिकवू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही शिकवणार, लपून पण नाही."

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "नाय."

"बरं." तिने एकदा मान हलवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आता दुसरं. पाय दाखवा."

"काय गरज नाय."

"गरज पायाला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही नाही म्हणालात ते मी ऐकलं ना? आता तुम्ही ऐका."

आईने गरम पाणी ओतलं. बाबांनी का पाय पुढे केला ते मला आजही माहीत नाही. दुखत असेल. बहुतेक दुखतच असेल. त्यांचा पाय टबात दहा मिनिटं होता. मग तिने पाय टॉवेलवर, मांडीवर घेतला. पक्कडीने कोपरा उचलला. बाबांनी कॉटची कड धरली. ते काठीसारखे ताठ बसले होते, आणि ती खाली वाकून, चष्मा नाकावर, त्याच माणसाचं नख काढत होती जो तिला मजल्यासमोर तसं बोलला होता. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. जिंकल्याचं, किंवा निदान सोसल्याचं. काही नव्हतं. नख बघत होती.

"झालं. आठवडाभर हळद लावा, आणि साखर तपासून घ्या. असं नख साखरवाल्यांना परवडत नाही." पाणी मोरीत ओतून ती पुढच्या खोलीत गेली. तिथली म्हातारी वाट बघत होती.

बाबा बराच वेळ पायाकडे बघत बसले. टीव्ही लावला नाही. चार वाजले. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जा गो."

"कुठे?"

"आता माका विचारतेस? शनिवारी शिकवत नाय, म्हणजे उद्या जा." आणि थोडं थांबून, "ती बाटली घेऊन जा. आणि परत घेऊन ये. विसरलीस तर बघ."

आई तोंडाला पदर लावून मोरीत गेली. हसत होती.

मी बावन्न मार्कांनी सुटले. पुढे कॉलेज, बी. कॉम., नोकरी. बाबा आँटीची माफी वगैरे मागायला गेले नाहीत, त्यांच्यात ते नव्हतं. पण नाक्यावर पुन्हा कुणी गोड बोलणाऱ्या लोकांचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले म्हणे, "तुझां नख कापल्यान कोणी? नाय ना? मग गप."

चाळीची आता बिल्डिंग झालीय. बाबा नाहीत. आँटी सातव्या मजल्यावर, आम्ही नवव्या. तिला आता वाकता येत नाही, म्हणून महिन्यातून दोन शनिवार मी लिफ्टने खाली जाते. टब तोच आहे, एका बाजूला तडकलाय. मी मंदिरात जाते ती जातेच, तिच्या कोपऱ्यात मेणबत्ती लागते ती लागतेच. पण एक प्रश्न माझ्या मनात इतकी वर्षं होता, तो मागच्या शनिवारी तिचा पाय मांडीवर असताना विचारून टाकला.

"आँटी, त्या दिवशी बाबा शेवटपर्यंत नाहीच म्हणाले असते, तर तुम्ही मला खरंच शिकवलं नसतं?"

"नसतं."

मला वाटलं होतं, आता तरी ती काही वेगळं सांगेल.

"आणि मी नापास झाले असते तर?"

"तर मार्चला परत बसली असतीस," ती म्हणाली. "पाय नीट धर गो, गुदगुल्या होतात."