शिकारीचा फोटो

पैसे देऊन मला पहिल्यांदा ज्याने फोटो काढायला बोलावलं, त्याची आठवण मी आजही शिवी घातल्याशिवाय काढत नाही. चौलमधल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीचा तो मालक. मागच्या डोंगरात त्याने रानडुक्कर मारलं होतं आणि त्या आनंदात पंधरा-वीस सोयऱ्यांना मटणाच्या जेवणाला बोलावलं होतं.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. अलिबागच्या एका स्टुडिओत मी वस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. ते तापाने पडले, म्हणून लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या सहा प्लेटा घेऊन मी एकटाच गेलो. तोवर मी फक्त एका मेलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढला होता, तोही वस्ताद शेजारी उभे असताना. मेलेला माणूस हलत नाही, हे त्याचे उपकारच.

अंगणात डुक्कर आडवं टाकलं होतं. सुळ्यांखालून ओघळलेलं रक्त सारवणात मुरलं होतं आणि त्यावर माशा घोंगावत होत्या. एक कुत्रं ते चाटायला आलं, तर मालकाने त्याच्या बरगडीत अशी लाथ घातली की ते केकाटत माडांत पळालं. पाहुणे हसले. मीही हसलो.

त्या घरात शिकार कापण्याआधी बायकोने शिकाऱ्याला ओवाळून बंदुकीला कुंकू लावायची रीत होती. मालकाला नेमका त्याचाच फोटो हवा होता. एक पाय डुकरावर, हातात बंदूक, समोर ताट घेतलेली बायको.

बायको तिशीच्या आतली, बारीक चणीची. ती ओटीच्या आडोशाला उभी होती आणि तिथे काळोख होता. मी म्हणालो, "वहिनी, जरा पुढे या. उजेडात."

तिने आधी ताटातल्या निरांजनाकडे पाहिलं, मग माडांकडे. "वारा आहे," ती हळूच म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे हो," मी तोऱ्यात म्हणालो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेलो मी. उजेडातलं मला कळत होतं, वाऱ्यातलं तिला. पण ती आली.

मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं. त्या कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर माणसं उलटी दिसतात, डोकं खाली आणि पाय वर. त्या उलट्या चित्रात निरांजन विझलं. धूर खाली गेला. मग बंदुकीचा दस्ता फिरला आणि बाई वरच्या बाजूला जाऊन आदळली. ताटाचा खणखणाट मात्र सरळ माझ्या कानात आला. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बरं झालं, प्लेट अजून उघडली नव्हती, वाया गेली नाही.

"शिकारीच्या दिवशी दिवा विझवतेस? अवदसा!" मालक ओरडत होता. "ऊठ! काढ रे फोटोवाल्या."

पाहुण्यांपैकी कुणीही जागचा हलला नाही. एकाने निरांजन पुन्हा लावून दिलं. मालक आता वारा अडवत वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. एवढंच करायचं होतं, ते आधीही करता आलं असतं. बाई उठली, पदर सारखा करून तिने ताट हातात घेतलं. डावा गाल काळानिळा होत चालला होता, ओठ फुटला होता. मी शिकलेले दोन शब्द म्हणालो, "हसा. हलू नका." भिंगावरचं झाकण काढलं, एक-दोन मोजले, झाकण लावलं.

प्लेट धुतली तेव्हा मालकाचा हात पुसट आला होता, हलला असणार. बाई केसभरही हलली नव्हती.

वस्ताद म्हणायचे, गिऱ्हाइकाचा चेहरा ही आपली अब्रू. प्लेटेवर सगळं उलटं उमटतं, काळं ते पांढरं; तिथे शिसपेन्सिलीच्या बारीक टोकाने ठिपके देत गेलं की देवीचे व्रण जातात, सुरकुत्या जातात, म्हातारी तरुण होते. मी दोन दिवस खिडकीपाशी बसून त्या गालावर ठिपके दिले. काळेपणा गेला. ओठ शिवला गेला. वस्तादांनी भिंगातून पाहिलं आणि पाठ थोपटली, "हात बसला तुझा." मी त्या दिवशी फार खूश होतो. मालकाने फोटो पाहिला आणि स्वतःहून पाच रुपये जास्त दिले.

पावसाळ्यानंतर एक शेतकरी स्टुडिओत आला. तळा गावाकडचा, घोट्यापर्यंत चिखल वाळलेला. म्हणाला, "मी त्या चौलच्या बाईचा भाऊ. ती माज्याकडं पळून आलीय, दादा. पाठ बघवत न्हाय. पन पंचांम्होरं त्यानं तुमचा फोटू ठेवला. बोलला, बगा, कशी हसतेय, तोंडावर वरखडा तरी हाय का? येत्या सोमवारी पुन्ना बसनार. न्हाय पटलं तर तिला परत धाडावी लागंल. आन तो तिला जित्ती ठेवनार न्हाय."

माझं डोकं तापलं. कुणावर ते मला तेव्हा कळलं नाही. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइनने पुसता येतं. वस्ताद नको नको म्हणत असताना मी ती प्लेट शोधून बोळा फिरवला. दोन दिवसांचं काम क्षणात चिंधीवर आलं आणि गाल होता तसा परत आला. तो छापून मी सोमवारी भावाच्या गावी गेलो.

देवळात चार पंच बसले होते. बाई खांबाशी, खाली मान घालून. बाहेर मालकाची बैलगाडी तिला न्यायला जुंपून तयार होती. पंचांतल्या म्हाताऱ्याने दोन्ही फोटो मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. "ह्यातला खरा कंचा?"

"डाग आहे तो."

"मंग हा साफ कुनी केला?"

"मीच."

मालक हसला. "ज्याला डाग पुसता येतो, त्याला घालताही येतो. भावाने किती दिले रे तुला?"

पंच माझ्याकडे पाहू लागले. त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या हाताला खरं-खोटं दोन्ही सारखंच येत होतं. म्हातारा फोटो परत देऊ लागला आणि बाईने न सांगताच उठायला सुरुवात केली. ते मला पाहवलं नाही.

मी ओरडलोच, "तो दिवा यांनी नाही विझवला, मालक! वारा आहे असं त्या म्हणाल्या होत्या. फोटोपायी मी त्यांना वाऱ्यात उभं केलं. तुमचा दिवा मी विझवला!"

मालकाचा चेहरा मी पहिल्यांदाच सरळ पाहिला, काळ्या कापडाशिवाय. त्याच्या हातात पितळी मुठीची काठी होती. ती माझ्या डाव्या गालावर बसली. दोन दात फरशीवर पडले. मी कोसळलो तरी तो थांबेना. "माझा दिवा? माझा दिवा?" म्हणत बरगड्यांवर, पाठीवर मारत राहिला. भावाने आणि दोघा पंचांनी मिळून त्याला खांबापर्यंत रेटत नेलं, तेव्हा ते थांबलं.

म्हाताऱ्याच्या हातातून खाली पडलेले फोटो माझ्या रक्ताने माखले होते. त्याने ते बाजूला सारले. "ऱ्हाऊ दे फोटू. दिवा इजला म्हून परक्या मानसाला देवळात मारतोस, तर घरात हिचं काय करत असशील? पोर न्हाय जानार. गाडी सोड."

बैलगाडी रिकामी गेली. मला भावाच्या ओटीवर आणून निजवलं. बाईने हळद उगाळून गरम केली आणि वाटी घेऊन माझ्याशेजारी बसली. गाल सुजून डोळा मिटला होता. तिने बोट लावताच मी कळवळून तोंड फिरवलं.

"हलू नका," ती म्हणाली.

मी हललो नाही. एक, दोन, असे आकडे मनातल्या मनात मोजत पडून राहिलो.